सखूबाईच्या पोथीची चित्रं

चितारओळीत, मूर्ती-चित्रं रंगवणाऱ्या चितारींच्या गल्लीत, जागेश्वरचा हात धरील असा माणूस नव्हता. पोरांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी असोत नाहीतर गणपती, डोळे काढायला शेजारचेसुद्धा त्यालाच बोलावीत. माणूस मात्र महातिरसट! गिऱ्हाईक "जरा लवकर करा गा" म्हणालं की हा ब्रश खाली ठेवायचा. "घाई हाये तं फोटो घेऊन जा," म्हणायचा. बापाकडून त्याला दोन नेम मिळाले होते. डोळे काढायचे ते अगदी शेवटी, बाकी सारं पुरं झाल्यावर. आणि चितारीनं आपलं तोंड कधी चित्रात घालायचं नाही. काहून, असं विचारलं तर बाप एवढंच म्हणे, "आपली जागा बाहेर हाये."

असा हा काटेरी माणूस एकाच जागी मऊ होता, ती म्हणजे त्याची बायको सखूबाई. तिच्या घरात पोथी होती. रोज दिवेलागणीला ती वाचायची आणि साऱ्या घरानं हातातलं काम टाकून ऐकायचं. समोर एक रिकामा पाट मांडायचा, ही तिच्या सासूची रीत. कुणासाठी, हे विचारायचं नाही. ऐकायला कोण येईल त्याचा काय नेम! जागेश्वर हसायचा, पण पाट स्वतः पुसून ठेवायचा.

मग सखूबाई विसरायला लागली. आधी भाजीतलं मीठ, मग घराकडचं वळण, मग पोटचा मुलगा सुशील. पोथीतली अक्षरं तिला मुंग्यांगत पळताना दिसायची. एका सकाळी तिनं जागेश्वरपुढं चहाचा कप ठेवला नि डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "चितारीबुवा, चहा घेऊन घ्या. मालक येतच असतीन." मालक म्हणजे नवरा. जागेश्वरनं तो चहा कसा गिळला त्याचं त्यालाच ठाऊक. त्या दिवसापासून त्याला जगात एकच गोष्ट हवी होती. सखूनं एकदा, फक्त एकदा, आपल्याकडं पाहून आपल्याला ओळखावं.

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, की त्यांना जे आधीपासून आवडतं त्यात गुंतवून ठेवा. आवडतं तर काय, पोथी! पण नुसतं ऐकून तिला राजा कोण, रंक कोण कळेना. तेव्हा जागेश्वरनं पुठ्ठे घेतले आणि अध्यायागणिक एक चित्र काढायला घेतलं. संध्याकाळी सून दिपाली वाचायची, सुशील चित्र धरून बसायचा आणि अध्याय संपला की जागेश्वर सगळ्यांदेखत चित्रातल्या माणसांचे डोळे उघडायचा. पहिल्या चित्रातल्या दानशूर सावकाराला त्यानं मुद्दाम सुशीलचा चेहरा दिला होता.

दुसऱ्या दिवशी सुशील इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात कामाला निघाला, तर मागून हाक आली, "सुशील, डबा घेतला का बापू?" पोरगा उंबऱ्यातच मटकन बसला आणि लहान लेकरासारखा रडला. मग जागेश्वरनं एका अध्यायातल्या राणीला दिपालीचं तोंड दिलं. सखूबाईनं दिपालीलाही ओळखलं. शेजारची प्रीतीही चित्रात आली नि ओळखीची झाली. घरात जणू सण आला. आता आपला नंबर, असं जागेश्वरला रोज वाटायचं.

आणि एका संध्याकाळी वाचन चालू असताना सखूबाईनं पदर सावरला, रिकाम्या पाटाकडं पाहून लाजली आणि म्हणाली, "आले का? बसा."

"कोन आलं आई?" सुशीलनं विचारलं.

"कोन म्हंजे? तुयाच बाप. दुसरं कोन येते?"

जागेश्वर तिथंच, हातभर अंतरावर, ब्रश घेऊन बसला होता. 

पुढं ते रोजचंच झालं. सखूबाई पाटाशी हळू आवाजात बोलायची, मधेच थांबायची, मान डोलवायची, हसायची. समोरून उत्तर आल्याशिवाय कोणी असं हसत नाही हो! एकदा ती जागेश्वरला म्हणाली, "चितारीबुवा, आमचे मालक सांगून राहिले का, घोड्याचा मागचा पाय चुकला." भडकलाच तो. म्हातारीचं डोकं फिरलं, पुटपुटला. पण चित्र उजेडात नेऊन पाहिलं तर खरंच, पाय उलटा वळला होता. एवढी वर्षं घोडे काढले त्यानं, असं कधी झालं नव्हतं. त्यानं तो पाय पुसून पुन्हा काढला.

दिपालीनं तर पाट उचलणंच सोडलं. ऐन थंडीत, फरशी बर्फासारखी गार, आणि पाट मात्र कोणी आत्ताच उठून गेल्यासारखा कोमट लागायचा. सुशील म्हणाला, दिव्यानं तापत असेल. दिवा होता दुसऱ्या कोपऱ्यात.

पोथी शेवटाला आली तेव्हा दिपालीच धीर करून बोलली. "बाबा, राग नोका मानू. साऱ्यायचे चेहरे काढले तुम्ही, तुमचाच कोठं नाई. आईनं तुम्हाले ओळखावं तरी कसं?"

खाडकन डोळे उघडले म्हाताऱ्याचे. सारं गाव त्यानं चित्रात बसवलं आणि बापाचा नेम पाळून स्वतः बाहेर राहिला. सखूच्या लेखी तो बाहेरचाच झाला होता. चुलीत गेला तो नेम! शेवटच्या अध्यायात गावजेवणाची पंगत होती. त्यानं पंगतीत सखूबाईला बसवलं आणि आरसा समोर ठेवून तिच्या शेजारी स्वतःला. पांढरे खुंट, वाकडं नाक, सगळं जसंच्या तसं.

अध्याय संपला. जागेश्वरनं चित्रातल्या स्वतःचे डोळे उघडले. मग ब्रश खाली ठेवून पुठ्ठा सखूबाईपुढं केला.

सखूबाईनं चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान वळवून जागेश्वरकडं पाहिलं आणि त्याच्या दाढीवरून बोटं फिरवली.

"आवो," ती म्हणाली, "तुमचे केस कवा पिकले?"

जागेश्वरला हुंदका आवरेना. एवढा तिरसट माणूस, पण बायकोचा हात दोन्ही हातांत घेऊन पोरासोरांसमोर ढसाढसा रडला. दिपाली डोळे पुसत होती, सुशील हसत होता की रडत होता ते कळत नव्हतं. "मी येथंच होतो वं सखू, येथंच होतो," जागेश्वर म्हणत राहिला. आयुष्यात याहून जास्त त्याला काही नको होतं.

सखूबाईही हसली. आणि हसता हसता थांबली. तिची बोटं जागेश्वरच्या मनगटात रुतली. ती पाटाकडं पाहत होती.

"तुम्ही तं येथं हाये," ती म्हणाली. "मंग थो कोन हाये? मी तं सारं सांगतलं त्याले. घरातलं, पोरायचं, सारं."

 दिपालीनं पोथी मिटून कपाळाला लावली. जागेश्वरनं बायकोला जवळ ओढून घेतलं, पण पाटाकडं पाहायची त्याची छाती झाली नाही.

"पोथी तं संपली," सखूबाई त्याच्या कानाशी कुजबुजली, "पन थो उठूनच नाई राहिला."