साक्षीला सोबत कोण

दोन वर्षं त्या पोरीचं सगळं मी केलं होतं. चेंबूरच्या आमच्या वसतिगृहात आली तेव्हा सतरा वर्षांची, कुणाशी बोलायची नाही. आधार कार्ड, दवाखाना, शिवणाचा क्लास, सगळीकडे मीच धावले. आणि जिनं तिला विकलं त्या बाईविरुद्ध साक्ष द्यायची वेळ आली, कोर्टवाले बंद खोलीत सोबत एकच जण चालेल म्हणाले, तेव्हा हिनं मावशीचं नाव घेतलं.

मावशी आमच्याकडे आठ महिन्यांपूर्वी लागलेली. निम्मं आयुष्य धंद्यात गेलं, आता घाटकोपरला खोली करून राहते आणि नव्या मुलींशी बोलायला येते. बोलते कसली, त्यांच्यासोबत भाजी निवडत बसते. माझा नुसता जळफळाट झाला. डिग्री माझी, धावपळ माझी, आणि पोरगी हिची?

मग मी हलकटपणा केला. सुनावणी साडेदहाची होती, मावशीला साडेअकरा सांगितली. ती नसली की पोरगी माझाच हात धरेल, एवढंच डोक्यात. घाबरून साक्षच फिरवली तर काय, हे मनातसुद्धा आलं नाही.

पावणेदहाला पोचलो तर मावशी कोर्टाच्या पायरीवर, मांडीवर इडलीचा डबा.

"साडेअकरा म्हणालीस, पण आम्हाला धरून आणायचे तेव्हापासून बघतेय मी. कोर्टात सांगितलेल्या वेळेवर जाऊ नये."

दोघी आत गेल्या. मी बाकावर दोघींच्या पिशव्या सांभाळत बसले.

दुपारी मावशी बाटली भरायला बाहेर आली. "सगळं बोलली. कुठे अडली नाही."

"माझ्यासमोर बोलली नसती काय?"

"नसती गं. तिच्यासोबत काय काय केलं ते तुला ठाऊक नाही, असं समजते ती. तुला कळलं तर ताई पहिल्यासारखी राहणार नाही, म्हणते."

आमच्याकडे मुलीला ते कधी विचारत नाहीत. ती सांगेल तेव्हा सांगेल. पण तिनं पोलिसांना दिलेल्या जबाबाची प्रत वकिलाकडून कधीच आली होती, आणि मी ती तीनदा वाचली होती.

पोरगी तोंड धुऊन आली. "ताई, बाहेर काही ऐकू नाही ना आलं?"

"काही नाही गं."

ती हसली. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मावशीच्या खांद्याला टेकून इडली खायला लागली. मी समोर उभी होते, आणि मला अजूनही मावशीचीच जागा हवी होती.