मावशी दोष आधी सांगते

आमच्याकडे माझ्या मावशीला सगळे टेंपोवाली म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी कोणाची छाती नाही. दर दीड-दोन वर्षांनी ती टेंपोत सामान भरून नव्या घरात जाते, म्हणून. पडीक घरं विकत घ्यायची, त्यातच राहून दुरुस्त करायची आणि नफ्यात विकायची, हा तिचा धंदा. काका गेल्यावर तिनं शिवणाचं दुकान विकून एक गळका फ्लॅट घेतला, तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली होती. तेच लोक पुढे "आमच्या मुलासाठी एखादं घर बघ ना" म्हणत तिच्याकडे आले. तिनं चहासुद्धा विचारला नाही, आणि बरंच केलं.

तिची एक खोड आहे. गिऱ्हाईक आलं की भावाचं बोलणं निघण्याआधी घराचा दोष ती स्वतःच सांगते. "वर पाण्याला जोर नाही हं," किंवा "शेजारचा कुत्रा पहाटेपासून भुंकतो." आपण लपवलेलं त्यांना सापडलं की ते भाव पाडतात, असं तिचं म्हणणं.

एक दिवस तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मामा, तिच्या दारात उभा राहिला. आजोबा गेल्यावर यानंच दोघी बहिणींकडून त्यांच्या घराच्या हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या होत्या. "बहिणींनी हिस्सा मागितला तर लोक काय म्हणतील?" म्हणे! माझी आई रडत सही करून आली, मावशी न रडता. आता धंद्यात हात पोळल्यावर मामानं ते घर विकायला काढलं होतं, आणि ओलीनं फुगलेल्या भिंती बघून गिऱ्हाइकं दारातूनच परत जात होती.

"तूच घे. बाबांचं घर घरातच राहील," मामा म्हणाला. "मी काय, मागच्या खोलीत पडून राहीन."

"घेते. पण रिकामं करून दे."

मावशीनं आजवरचा सगळा नफा त्या घरात ओतला, वर बँकेचं कर्ज काढलं. घर विकलं गेलं नसतं तर ती रस्त्यावर आली असती. तिनं टाकीचा फुटका पाइप बदलला, सगळं प्लास्टर खरवडून काढलं, आजोबांच्या अंधाऱ्या खोलीला खिडकी पाडली. मग दारावर विक्रीची पाटी लावली.

ती पाटी वाचून मामा तरातरा आत आला. नेमकं तेव्हाच एक जोडपं घर बघत होतं. मी रंगाचे रिकामे डबे आवरत होते.

"बाबांचं घर विकतेस? लाज नाही वाटत?"

"तू मला विकलंस तेव्हा ते कोणाचं होतं, दादा?"

मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. जोडपं मात्र अवघडलं. काहीतरी बोलायचं म्हणून त्यातल्या बाईनं विचारलं, "घरात काही दोष वगैरे नाही ना?"

"भिंती कोरड्या आहेत, पाइप नवे आहेत," मावशी मामाकडे बघत म्हणाली. "दोष एकच. या घरात मुलींना हिस्सा मिळत नाही."

बाईनं कडेवरची मुलगी जरा वर सरकवली. "आम्हाला ही एकच आहे," ती म्हणाली.

"मग तोही दोष गेला," मावशी म्हणाली, आणि सांगितलेल्या भावात तिनं एक पैसाही सोडला नाही.