सुनीताचे स्फटिक, माझी सही

मी मुसळाला हात लावला आणि त्यांनी भरीत मातीत ओतलं.

असोद्याचं शेत. हिवाळा. पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजलेली. पऱ्हाटीचे भारे माझ्या बापाने डोक्यावरून वाहून आणलेले. सोललेली वांगी बडगीत पडली. बडगी म्हणजे लाकडाचं खोलगट भांडं, त्यात भरीत कुटतात. आलेल्या प्रत्येकाने दोन घाव घालायचे, ही आमच्याकडची रीत. मी शाळकरी पोर. मलाही वाटलं, घालावेत.

"कोनं सांगतलं रे तुले हात लावाले?" शेताचा मालक ओरडला.

बडगी उलटी झाली. कुत्री धावली. बाप हात जोडून म्हणाला, "तुम्ही म्हणसान तसं, मालक." बापाचा तो आवाज माझ्या कानातून कधी गेला नाही.

मी शिकलो. आमच्या बौद्ध वस्तीतला पहिला एम.एस्सी. जळगावात जीवरसायनशास्त्र शिकवू लागलो. विभागाची भरीत पार्टी दर हिवाळ्यात व्हायची. मी मुसळाजवळ गेलो की कोणीतरी गोड बोलायचं, "सर, तुम्ही बसा ना. आम्ही आहोत." मी बसायचो. बडगी कोणी ओतली नाही. तशी वेळच येऊ दिली नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत सुनीता माझ्याकडे पीएच.डी.ला आली. शिरपूरच्या वर, सातपुड्यातल्या पाड्यावरची पावरा आदिवासी मुलगी. आमचं काम एका जिवाणूच्या दोन प्रथिनांवर होतं. ही दोन एकमेकांना धरून डीएनएवर ठरावीक जागी बसतात. बसली की तिथलं जनुक वाचलं जात नाही. जनुक शाबूत असतं. नुसतं मुकं असतं.

ती कशी बसतात हे बघायचं तर प्रथिनांचे डीएनएसकट स्फटिक वाढवावे लागतात. मग त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे. काचेच्या झाकणाखाली थेंब उलटा टांगायचा आणि वाट पाहायची. जळगावचा उन्हाळा, सारखी जाणारी वीज. थेंबात नुसता गाळ धरायचा.

सुनीता म्हणाली, "सर, प्रथिनांचा दोष नाही. आपला डीएनएचा तुकडा लांब पडतोय. शेजारच्या तुकड्याला टोक नीट टेकत नाही. टोकाची एक जोडी, एक अक्षर, कमी करू या."

मी नको म्हणालो. उगाच खर्च. तिने ऐकलं नाही. एके सकाळी मला हाताला धरून सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. थेंबात खडीसाखरेसारखे स्वच्छ, धारदार कडांचे स्फटिक.

"दिसतंय का, सर? का चष्मा पुसून देऊ?"

दिसत होतं. आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो.

दूरच्या शहरातल्या मोठ्या यंत्रावर ते तपासले गेले. प्रथिनं कशी बसतात ती रचना सुटली. तीही तिनेच सोडवली, रात्रंदिवस संगणकाला डोळे लावून. विभागप्रमुखांनी पार्टी ठेवली. त्यांना सगळे नाना म्हणत. पार्टी कुठे? असोद्यालाच.

सुनीता आली तशी नाना म्हणाले, "सुनीताबाई, तुम्ही पुऱ्यांकडे बघा. जंगलातल्या हाताला चव असते म्हणे." लोक हसले. ती चुलीपाशी गेली. मीही हसलो होतो. थोडंसं. पण हसलो.

मग नानांनी मुसळ माझ्या हातात दिलं. "या, आबा. आज मान तुमचा." आबा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी घाव घातला. दुसरा घातला. कोणी काही ओतलं नाही. माझे डोळे भरून आले. बाप असता तर, असं मनात आलं.

नाना कानाशी वाकले. "लेखात माझ्या पुतण्याचं नाव पहिलं टाकू. मग तुमचं, माझं. पोरीचे आभार मानू शेवटी. हात तिचे होते, डोकं थोडंच? संशोधन रक्तात असावं लागतं, आबा."

रक्तात. जन्मभर जनुकं शिकवलेला माणूस मला हे सांगत होता. आणि मी मुसळ थांबवलं नाही.

"तुम्ही म्हणाल तसं, नाना."

बापाचाच आवाज. बापाला तेव्हा दुसरा इलाज नव्हता. मला होता.

सुनीता पुऱ्यांची टोपली घेऊन मागेच उभी होती. म्हणाली, "सर, अक्षर कोणी कमी केलं, तेवढं तरी सांगा त्यांना."

मी बडगीत बघत राहिलो. तिने टोपली खाली ठेवली. रस्त्याला लागली. प्रबंध तिथेच राहिला. लेखातल्या नावांच्या संमतीपत्रावर मी सही केली.

आता ती धुळ्याला एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. मध्यंतरी बसने गेलो. वर्ग सुटेपर्यंत व्हरांड्यात उभा राहिलो. तिच्या केसांत पांढरं दिसू लागलंय. तिने मला बाक दिला, पाणी दिलं.

"माफी मागायला आलो, बाई."

"माफी घरी न्या, सर. ती तुमच्या कामाची. माझं नाव आणा."

पुढचा तास होता. खडू घेऊन ती गेली.

लेख जिथे छापला त्या नियतकालिकाला मी लिहिलं: ही रचना सुनीताची, आणि माझं नाव काढा. उत्तर आलं, सगळ्या लेखकांची संमती लागेल. नानांना फोन केला. "आबा, गाडलेली मढी कशाला उकरता? ह्या वयात?" पुतण्या आता स्वतः प्रमुख आहे. ती रचना जगभरासाठी खुल्या संग्रहात पडून आहे. कोणीही उघडावी, फिरवून बघावी. दोन प्रथिनं, मधे डीएनए, आणि तिने छाटलेलं टोक. तिचं नाव कुठेच नाही. ते येईल असं मला वाटत नाही. माझ्या हयातीत तर नाहीच.

ह्या हिवाळ्यात पुन्हा असोद्याला पार्टी आहे. माझा सत्कार आहे. निरोप आला, "आबा, मुसळ तुम्हीच धरायचं."

मी जाणार आहे. शाल घेणार नाही. मुसळाला हात लावणार नाही. जाळ पेटला, माणसं जमली, की उभा राहून सांगणार आहे: अक्षर सुनीताने कमी केलं, रचना सुनीताने सोडवली, आणि खोट्यावर सही मी केली. दरवर्षी सांगणार. बोलावलं नाही तर रस्त्यावर उभा राहून सांगणार.

मग ज्याला बडगी ओतायची असेल, त्याने खुशाल ओतावी.