पन्नीचा वास

माझ्या आईच्या डोळ्यांवर रुमाल बांधला होता. शाळेच्या स्टेजवर, खुर्चीत बसवून. समोर सगळी शाळा. बाईंनी प्लास्टिकच्या एका तुकड्याचा कोपरा पेटवला, विझवला आणि धूर आईच्या नाकाशी धरला.

"मेणाचा वास," आई म्हणाली. "चांगली पन्नी. दाण्याला चालंल."

पहिल्या रांगेतली पोरं खोकत होती. धूर घशाला झोंबत होता. मेणाचा वास कुठेच नव्हता.

पाहुणे म्हणून आलेले साहेब हसले. राहायला बदलापूरला, अंबरनाथच्या रसायनाच्या कारखान्यात मोठे अधिकारी. म्हणाले, "हिला स्वतःचा वास येत नसेल, पन्नीचा काय येणार!"

शाळा हसली. बाई हसल्या. आईसुद्धा हसली, रुमाल तसाच, कारण सगळे हसत होते.

तिला तिथे आणलं होतं मी.

मी नववीत होते. शाळेत पर्यावरणाचं प्रदर्शन होतं. आम्ही उल्हासनगरात राहायचो आणि आई पन्नीच्या शेडमध्ये कामाला जायची. कारखान्यांतून, दुकानांतून आलेल्या पिशव्या बायका निवडायच्या, वालधुनी नदीत धुवायच्या, वाळवायच्या. त्या वितळवून दाणा व्हायचा, दाण्याच्या पुन्हा पिशव्या. कुठली पन्नी कुठल्या ढिगात, हे सांगणारं यंत्र नव्हतं. कानाजवळ चुरगळायची. आवाजावरून कळलं नाही तर कोपरा जाळून हुंगायची. मेणासारखा वास आला तर घ्यायची. धूर झोंबला तर बाजूला, नाहीतर सगळा घाणा नासतो. कुणाला शंका आली की हाक यायची, "अगं, नाकवालीला दाखव!" नाकवाली म्हणजे माझी आई. मीच बाईंना ऐटीत सांगितलं होतं, डोळे बांधा, तरी ओळखते.

आणि ती चुकली.

मला घरातलं करपलेलं दूध आठवलं. भांडं काळं व्हायचं आणि आई शेजारीच भाजी निवडत बसलेली. मी ओरडायचे, "लक्ष कुठे असतं तुझं?" ती म्हणायची, "दमले गं." मला स्टेजखाली उभं राहून कळलं. आईला वास येत नव्हता. कामावर कुणाला कळू नये म्हणून ती नुसत्या कानावर भागवत होती. इथेही चुरगळायला देतील, निभावेल, असं तिला वाटलं असणार. माझं मन मोडवेना म्हणून आली होती.

साहेब माईकवर गेले. "आपली नदी कोण घाण करतं? हे लोक. पिशव्या नदीत धुतात." मग खिशातून साबणाची वडी काढली. "घ्या बाई. आधी हात स्वच्छ करा."

टाळ्या. आईने दोन्ही हात पुढे केले. वडी घेतली.

मी वर चढले. टेबलावर मीच आणलेल्या, आईने धुतलेल्या पिशव्या मांडल्या होत्या. त्यातली जाड उचलली. रसायनाच्या गोणीच्या आत असते ती. कारखाने अशा पिशव्या न धुता भंगारात विकत. आत पिवळी भुकटी तशीच असायची. आई नाकाला पदर बांधून ती झटकायची, मग नदीवर न्यायची. या पिशवीवर साहेबांच्याच कारखान्याचं नाव होतं. खाली इंग्रजीत, रिकामी झाल्यावर नष्ट करावी. मी मोठ्याने वाचलं.

"साहेब, ही तुमची पिशवी. तुम्ही नष्ट केली नाही. विकलीत. साबण तुम्ही घ्या."

वडी आईच्या हातातून घेतली आणि त्यांच्यासमोर ठेवली. कुणी टाळी वाजवली नाही.

हेडमास्तरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, माफीनामा दे, नाहीतर दाखला घेऊन जा.

"लिही की दोन ओळी," आई म्हणाली. "आपलं काय जातंय? शाळा सुटली तर माझ्यासारखी ढीग उपसत बसशील."

मी विचारलं, "आई, कधीपासून वास येत नाही?"

ती म्हणाली, "तू सातवीत होतीस. तुझ्या डोक्याला तेल लावत होते. तुझ्या केसांचा वास येईना."

त्या दिवशी मी रडले. माफीनामा लिहिला नाही. दाखला घेतला. दहावी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. एका नव्या वहीत आईचं नाव पहिलं लिहिलं, पुढे तिचं काय गेलं ते, आणि कुठल्या कारखान्याच्या पिशव्या झटकून गेलं ते. मग शेडमधल्या एकेका बाईकडे गेले. काहींनी हाकललं. काहींनी हातावरचे चट्टे दाखवले.

आता सभांमधून सांगतात, पन्नी वापरू नका, कापडी पिशवी घ्या. घ्या जरूर. पण ज्याने विष भरून पिशवी बाहेर काढली, त्याला ती परत घ्यायला कुणी सांगायचं? आम्ही सांगतो. त्या कारखान्याच्या गेटसमोर बसून. वॉचमन म्हणतो, "ताई, उठा, साहेब चिडतात."

आईला पुन्हा वास यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. मीही इथून उठायची नाही.