मागच्या बाकावरचे आठ दिवस

बापूंकडे गाडी शिकायला येणाऱ्याला पहिले आठ दिवस स्टेअरिंगला हात लावायला मिळत नसे. सगळ्यात मागच्या बाकावर बसायचं आणि गप्प राहायचं. मी तर लढाईत तीन वर्षं ब्रह्मदेशात लष्कराचे ट्रक हाकून आलेला. छाती काढून लायसन पुढे धरलं, तर त्याकडे न बघताच बापूंनी विचारलं, "ट्रकमदी काय न्हेत हुतास?"

"दारूगोळा. पिठाची पोती. तंबू."

"म्हंजे बोंबलनारं काय न्हवतं. जा, मागं बस."

पाटण-उंब्रज रस्त्यावर बापू एका खाजगी मालकाची प्रवासी मोटार चालवत. वय पन्नाशीचं, अंगाने काटक, डोक्याला पिवळा पटका आणि जीभ मिरचीसारखी. अक्षरशत्रू माणूस, पण खड्डा आला हे मागच्यांना कळूच नये म्हणून पन्नास पावलं आधीपासून गाडी सावरायचा. बाळंतपणाला माहेरी निघालेल्या बाया मुद्दाम त्यांच्याच फेरीची वाट बघत. चौथ्या दिवशी तशीच एक बाई माझ्याशेजारी बसली आणि मल्हारपेठेपर्यंत शांत झोपली. लष्करात आपण नुसतं सामान वाहिलं, हे मला तेव्हा कळलं.

लढाई संपली तसे देशभरचे ड्रायव्हर घरी आले होते. मुंबईत एकेका जागेसाठी पंजाबपासून मद्रासपर्यंतचे जवान रांगेत उभे, आणि सगळ्यांच्या कागदावर 'वर्तणूक उत्तम' हा एकच शेरा. दीड वर्ष मी जोडे झिजवले, शेवटी बापूंकडे आलो. लग्न ठरलं होतं, पण नोकरी लागल्याशिवाय सासरे तिथी धरत नव्हते. अशात सरकारी मोटारी सुरू होणार अशी खबर आली. म्हणजे बापूंच्या मालकाची गाडी बंद होणार. आमच्या भागातून एकच ड्रायव्हर घेणार होते. त्या जागेसाठी मी अर्ज केला, आणि बापूंनीही.

एकदा न राहवून मी म्हणालो, "आवं बापू, मी तुमच्याच ताटात हात घालतोय. मला कशापायी शिकवताय?"

"गाडी तुझ्या हातात जाऊ दे, न्हाईतर माझ्या. मागं बसनारी मानसं आपलीच हायती न्हवं?"

पुढे महिनाभर, दिवस कलला की ते स्टेअरिंग माझ्या हाती देऊ लागले. मला वाटलं, आपल्यावर खूश आहेत. मी जरा फुगलोही.

परीक्षा साताऱ्याला झाली. सकाळी यवतेश्वराच्या घाटात साहेबाने एकेकाला गाडी चालवायला लावली. बापूंची पाळी झाल्यावर साहेब म्हणाला, "हात उत्तम आहे. डोळे पास झाले की जागा तुमची. नाहीतर या मिलिटरीवाल्याची."

दुपारी डॉक्टरकडे आधी माझा नंबर लागला. भिंतीवर ठिपक्यांचा तक्ता होता, लांबून ठिपके मोजायचे. मी बाहेर आलो तर बापूंनी मला किती वाजले ते विचारलं. समोरच्या भिंतीवर परातीएवढं घड्याळ होतं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा माझ्या ध्यानात आलं, त्यांना काटे दिसतच नव्हते. खोटं कशाला बोलू, आधी ठरलेल्या नवरीचा चेहराच डोळ्यांपुढे आला. मग मी त्यांच्या कानाशी लागलो, "बापू, तिसऱ्या वळीत सात ठिपकं हायती. चवथ्या वळीत पाच."

"गप! पाटनचा रस्ता बी मला पाठ हाय. पर आडवी येनारी म्हस पाठ कशी करू?"

ते आत गेले आणि लगेच बाहेर आले. "जागा तुझी, गड्या," एवढंच बोलले.

परतताना उंब्रजला आम्ही पाटणची गाडी धरली. मग बापूच म्हणाले, "म्हैना झाला, लांबचं धूसर दिसतंय, तिनीसांजंला तर कायच दिसंना. म्हनून तर गाडी तुज्याकडं देत हुतो."

"मग अर्ज का केला?"

"मन ऐकत न्हवतं रं. बावीस वर्सं दुसरं कायबी केलं न्हाई." आणि पटक्याच्या शेवाने त्यांनी डोळे पुसले.

नोकरीचा मला आनंद झाला नाही असं नाही. लय झाला, आणि त्याची लाजही तेवढीच वाटली. पुढे सव्वीस वर्षं मी सरकारी गाडी चालवली. हाताखाली कितीतरी पोरं शिकली, पण बापूंएवढा मोठा माणूस मला त्या धंद्यात दुसरा भेटला नाही.

त्या दिवशी पाटणला त्यांच्या घराशी पोचल्यावर बापू अंगणाच्या कडेलाच थांबले. "आत जाऊन तू सांग. माज्या तोंडातनं न्हाई निघायचं."

मी आत गेलो आणि झालं ते सगळं काकूंना, म्हणजे बापूंच्या बायकोला, सांगितलं. मी ठिपके सांगत होतो तेही सांगितलं. काकू भाकरी थापायच्या थांबल्या.

"तू सांगत हुतास, आनि त्यांनी ऐकलं न्हाई?"

"न्हाई ऐकलं, काकू."

"मग घरात या म्हनावं की. चोरावानी भाईर कशापायी हुबं ऱ्हायल्यात?"