आबांची बिडी

आमच्या धुळ्याकडच्या गावात सुनेच्या हाती चूल आली की सासऱ्यांची बिडीही आली. आबांना काडीपेटीवर पेटवलेली बिडी चालत नसे, तोंड कडू होतं म्हणायचे. मग चिमट्यात निखारा धरायचा, बिडी आपल्या ओठांत धरून दोन झुरके घ्यायचे आणि नीट पेटली की पदर सावरून नेऊन द्यायची. हे काम आधी सासूबाईंकडे होतं, लग्नानंतर माझ्याकडे आलं. दिवसाला दहा-बारा बिड्या. पहिल्या आठवड्यात खोकून जीव गेला. वर्षभरात दोनाचे चार झुरके झाले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं.

दोनदा दिवस गेले आणि दोनदा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. मग पाळीचाही भरवसा राहिला नाही. नवस झाले, अंगारे झाले, शेवटी सासूबाई मला धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या.

तंबाखू, बिडी काही आहे का, असं बाईंनी विचारलं. आमच्या घरच्या बाया असल्या वस्तूंना शिवत नाहीत, असं सासूबाईंनीच सांगून टाकलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. बिडी ओढणं वेगळं आणि पेटवून देणं वेगळं, असंच आम्ही सगळ्या धरून चाललो होतो. मीही मान हलवली. पण दारापर्यंत गेले आणि पाय पुढे टाकवेना.

"मॅडम, आबांची बिडी मी पेटवून देते," मी म्हणाले. "आणि ओढतेही."

बाई रागावल्या नाहीत. धुराने बाईच्या शरीरातली हार्मोन्स बिघडतात, पाळी पुढेमागे होते, स्त्रीबीजाला धक्का लागतो, पोटातल्या बाळाला रक्त कमी पोचतं, असं त्यांनी समजावलं. तुझ्या बाबतीत तेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, म्हणाल्या, पण आजपासून बंद. घरातला धूरही नको.

एसटीने घरी परतलो. संध्याकाळी आबांनी नेहमीसारखी बिडी पुढे केली. त्यांच्याशी पदराआडूनच बोलणारी मी, त्या दिवशी सरळ सांगितलं की यापुढे तुमची तुम्ही पेटवा, आणि बाहेर ओट्यावर ओढा. आबांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या ज्वारी पाखडत राहिल्या, हातातलं सूप काही त्यांनी खाली ठेवलं नाही. आबा न पेटलेली बिडी घेऊन बाहेर गेले. आयुष्यात मी फार काही मोठं केलं नाही, पण त्या संध्याकाळचा मला आजही अभिमान वाटतो.

तलफ जायला महिने लागले. पुढे पाळी रुळावर आली, आणि दीड वर्षाने नऊ महिने पूर्ण भरून मुलगी झाली. सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ नुसती तिची बोटं उघडत बसल्या. खोलीत आम्ही दोघीच होतो.

"मना बी दोन गयात," त्या खालमानेने अहिराणीत म्हणाल्या. त्यांचेही दोन असेच पोटातून गेले होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. "तू बोलनी, हाई बरं करं."