शब्द बरोबर, पण पोर देणार नाय!

शाळेची गाडी झाडायला घ्या, सीटखाली काय काय मिळतं! एकटा मोजा, बाटलीचं झाकण, अर्धा चावलेला पाव. किस्सेही तसेच. कोण मुद्दाम ठेवत नाय, आपोआप साचतात. मी गोव्यात पेडण्याला बालरथ, म्हणजे शाळेची बस चालवतो, धारगळच्या हायवेवरून आत वाड्यावाड्यांनी. शाळा थोडकी शिकलो, डोकं तापट. बायको म्हणते, इंजिनाच्या आधी तुम्हीच गरम होता! पण हल्ली खरं सांगू? राग कमी येतो, भीतीच जास्त वाटते.

* * *

एका दुपारी स्टॉपवर एक गॉगलवाला बाईक घेऊन उभा. "रुद्रला द्या, मी त्याचा मामा."

रुद्र पहिलीतला. "मामा!" म्हणून उडी मारून उठला. पोरं चढवणारी-उतरवणारी आमची सुषमाबाय, ती त्याला सोडणारच होती. मला काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, "रुद्रा, हा तुझा मामा?"

"हो!"

"मग मी कोण?"

"ड्रायवरमामा!"

"आणि तो समोर भजी तळतोय तो?"

"भजीमामा!"

म्हणजे याला दिसेल तो मामा! म्हटलं, थांब, आईला फोन लावतो. तोवर बाईक गायब. आई फोनवर रडायलाच लागली. तिला भाऊच नाय!

* * *

तेव्हापासून सुषमाबायने कायदा काढला. प्रत्येक घराने एक गुपित शब्द द्यायचा. पोर न्यायला येईल त्याने तो बायच्या कानात सांगायचा, मगच पोर खाली.

आता आमची माणसं! सगळ्यांनी खायचेच शब्द दिले. कुणाचा सुंगटां, कुणाचा सोलकढी. पाचवीतल्या सियाचा तवसळी. मी म्हटलं, "बाय, ही गाडी आहे की खानावळ?"

एका आजोबांना कानात सांगणं जमेना. शेताच्या मेरेवरूनच बोंबलत आले, "बाय गो! बांगडो! आमचो बांगडो!"

स्टॉपवरच्या दोन बायका पिशव्या घेऊन धावल्या. "ताजो आसा? कसो दिलो?"

* * *

मागची सीट मोठ्या टग्यांची. ओंकार सहावीतला, बाप दोडामार्गाकडून येऊन खाणीचा ट्रक चालवतो. टगे त्याला कुत्र्यासारखं भुंकायला लावायचे आणि व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचे. पोर कुणाला बोललं नाय. नुसतं डबा न खाता घरी न्यायचं.

कळलं तशी मी गाडी रस्त्यातच थांबवली. "मेल्यांनो, काढा आता माझा व्हिडिओ! टाका ग्रुपवर!" आणि त्या कॅमेऱ्यात जे काय बोललो ते इथे लिहिता येणार नाय.

दुसऱ्या दिवशी एका टग्याची आई पोराला कानाला धरून घेऊन आली. "मामा, काल मीच याला घरी सगळ्यांसमोर भुंकायला लावलं!"

मी तिलाच झापलं. "म्हणजे शिकला कुठे ते कळलं!"

* * *

नववीतल्या एकाला मोबाईलवर मैत्रीण मिळाली. वास्कोची म्हणे. रोज गोड गोड मेसेज, गाडीत सगळ्यांना वाचून दाखवायचा. मग म्हणाली, शर्ट काढून फोटो पाठव. मग म्हणाली, वास्कोला एकटाच ये, घरी सांगू नको. मी म्हटलं, "तिला आत्ता फोन लाव. स्पीकरवर."

"हॅलो डियर," मैत्रीण म्हणाली. आवाज माझ्यापेक्षा जाड!

पोराच्या बापाला सगळं सांगितलं, म्हटलं आधी पोलिसांत चल. तर तो हसतोय. "माझो झिल हुशार आसा. मोबाईल सगळो येता त्याका!"

"पोहायला येतं म्हणून मगरीपुढे सोडशील?" मी ओरडलो. तेव्हा कुठे त्याने चपला घातल्या.

* * *

आता सिया. ही पोरगी म्हणजे माझा रेडिओ. खिडकीला टेकून, जनेलाकडे बसून धारगळपासून घरापर्यंत बडबड. गणपतीच्या, चवथीच्या सुट्टीनंतर रेडिओ बंद. सुषमाबायने विचारलं, मी विचारलं. नुसती मान हलवते. घरी जाऊन आलो तर आजी म्हणाली, "वाढतं वय, दुसरं काय!" माझ्या जिवाला मात्र घोर लागला.

न्यायला रोज आजी यायची. त्या दिवशी काका आला. सख्खा काका हां! देवळाच्या कमिटीत पुढे, वाड्यात मान. मलाच कितीदा भाजी आणून दिलेली. बायच्या कानात शब्द सांगितला. बरोबर.

"चल गो सिया, काका आलाय."

सिया उठली नाय. पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. "शब्द बदललाय."

"कधी?"

"आत्ता."

काका हसला. "लाडावलीय! उतर गो बाय." स्टॉपवरची माणसंही हसली. एक म्हणाला, "अरे सोड रे, घरचाच माणूस!"

मी आरशात बघितलं. पोरीची बोटं पांढरी पडलेली.

सुषमाबाय वाकली. सियाने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. बराच वेळ सांगत होती. बाय सरळ झाली तेव्हा तिच्या तोंडावर रंग नव्हता.

"काय गो, नवा शब्द काय?" मी विचारलं.

"दार लाव," ती म्हणाली.

मी दार लावलं. काका पत्र्यावर थापा मारायला लागला. "अरे, शब्द बरोबर सांगितला मी!"

"बरोबर सांगितलास!" मी म्हटलं, आणि सियाची आई जिथे कामाला जाते तिकडे गाडी वळवली.